कसर

वैशाख शुद्ध पंचमीला मी आबांची होडी गाळात रुतवली. खाडीपलीकडच्या बागेत रातांबे पिकून सडा पडला होता, माणसं मिळेनात, म्हणून आबांच्या नातवाला सोबत घेऊन मीच निघालो. आबा बाजाराला गेलेले, मोबाईलला रेंज नाही. पण भरतीची वेळ विचारायला मला मोबाईल कशाला हवा? पंचमी म्हणजे पाऊणकीचा पाढा पाचपर्यंत म्हणायचा. पाऊण, दीड, सव्वादोन, तीन, पावणेचार. पावणेचारला पूर्ण भरती, पुढे तासभर तरी मधल्या वाळूच्या पट्ट्यावर पाणी राहतं, त्यामुळे पावणेपाचला निघालो तरी चिंता नाही. आम्ही तर दोन पोती भरून साडेचारलाच निघालो. पट्ट्याजवळ आलो आणि होडीच्या तळाखाली खर्रर्र असा आवाज झाला. पोराने वल्हं रोवून जोर लावला, तशी होडी गोल फिरून बाजूच्या गाळात बसली. बघता बघता पाणी पायाखालून काढून घेतल्यासारखं गेलं. कांदळाच्या मुळ्या उघड्या पडल्या, भोकांतून कुर्ल्या बाहेर येऊन आमच्याकडे डोळे रोखून बसल्या. शेवटी होडी तिथेच खुंट्याला बांधून गुडघाभर गाळातून चालत घर गाठलं. एक चप्पल गाळाने ठेवून घेतली, आणि काठाच्या कालवांनी टाच चिरली ती वेगळी. त्या काळ्या गाळाचा कुजका, खारट वास दोन दिवस नखांतून गेला नाही.

होडी आबांनी पहाटेच्या भरतीला जाऊन आणली. रातांब्यांची पोती ओट्यावर टाकली, बिडी पेटवली आणि मला विचारलं, हिशोब कसा केलास. मी पाऊणकी सांगितली. आबा हसले नाहीत, तेच जास्त लागलं. म्हणाले, "तुझो हिशोब बरोबर आसा. पण तो आमच्या खाडीचो नाय. हय पाऊण तास कमी करूचो. आणि वर पंधरा-वीस मिनटां हय-थय. वारो आसलो तर अर्धो तास."

पाऊणकी मला बाबांनी शिकवली होती. ते मुंबईच्या गोदीत होते, आणि त्यांची तिथी-गुणिले-पाऊण मुंबईच्या पाण्यावर बेतलेली होती. आपल्या किनाऱ्यावर भरती दक्षिणेकडून उत्तरेकडे सरकत जाते. गोव्याला पाणी भरतं त्यानंतर बऱ्याच वेळाने ते मुंबईला भरतं, आणि आम्ही मध्ये कुठेतरी. हे मला माहीत नव्हतं असं नाही. पण माहीत असणं आणि होडीत बसताना आठवणं या दोन गोष्टी. शिवाय पाऊणकीत मुळातच एक लबाडी आहे. भरतीचं चक्र महिन्याभरात चोवीस तास सरकतं, तिथ्या तीस, म्हणजे तिथीमागे ४८ मिनिटं. कोणा जुन्या शहाण्याने त्यातली तीन मिनिटं सोडून पाऊण तास धरला, कारण पाऊणकीचा पाढा पाठ असतो, ४८ चा नसतो. प्रतिपदेला तीन मिनिटांनी कोणाचं काही बिघडत नाही. पौर्णिमेपर्यंत त्याच तीन मिनिटांची पंचेचाळीस झालेली असतात. चंद्राबरोबर सूर्यही पाणी ओढतो, त्याने वेळ कधी पुढे जाते कधी मागे. खाडीचा उतार, वारा, पावसाचं पाणी हे सगळं त्यावर चढतं. मुंबईत अपोलो बंदरावर १८७८ पासून भरतीच्या नोंदी ठेवल्या जात आहेत, आणि छापील कोष्टकांत चंद्र-सूर्याचे असे कितीतरी लहानमोठे हिस्से एकावर एक चढवून वेळ काढलेली असते. पाऊणकी ही त्यातली पहिली पायरी फक्त. मी पहिल्या पायरीवर उभा राहून गच्चीवर पोचल्यासारखा निघालो होतो.

आणि सोळा वर्षांपूर्वी मी पीएचडी केली होती ती नेमकी दुसऱ्या-तिसऱ्या पायरीवर.

गावात अजून काही जण मला 'अणूवालो' म्हणतात. खरं तर मी अणू कधी पाहिला नाही, यंत्राला हात लावला नाही. दोन कण आदळल्यावर काय किती वेळा घडेल, याचा हिशोब करायचा. तो एकदम करता येत नाही. आधी ढोबळ उत्तर काढायचं, मग त्याला एक दुरुस्ती जोडायची, मग त्या दुरुस्तीला दुरुस्ती. कागदावर त्यासाठी फाइनमन या भौतिकशास्त्रज्ञाच्या नावाच्या आकृत्या काढतात. रेघा, नागमोडी रेघा आणि त्यांतले बंद फेरे, ज्यांना आम्ही लूप म्हणायचो. फेरा वाढला की पायरी वाढली, पण पायऱ्या सारख्या उंचीच्या नसतात. इलेक्ट्रॉनच्या चुंबकत्वाचंच घ्या. १९४८ साली श्विंगरने पहिली दुरुस्ती काढली ती एका आकृतीची होती, उत्तर ०.००११६ च्या आसपास. दुसऱ्या पायरीला सात आकृत्या. तिसऱ्या पायरीला बहात्तर. चौथ्या पायरीला ८९१. पाचव्या पायरीला १२,६७२. इटलीतल्या लापोर्टाने त्या ८९१ आकृत्यांचं उत्तर ११०० अंकांपर्यंत काढून २०१७ मध्ये छापलं, त्याआधी सुमारे वीस वर्षं तो तेच करत होता. आमच्याकडे एवढ्या काळात कलम लावून, वाढवून, त्याच्या बागायतीवर कर्ज काढून ते फेडूनही होतं.

माझं काम एवढं मोठं नव्हतं. दोन लूपची एक दुरुस्ती, तीही एका मोठ्या हिशोबाच्या कोपऱ्यातली. बीजगणित एवढं लांबलचक की ते संगणकच करणार. आपण फक्त त्याला सांगायचं कसं करायचं ते. असा पहिला नावाजलेला प्रोग्रॅम डच शास्त्रज्ञ व्हेल्टमन यांनी १९६३ साली लिहिला. त्याचं नाव स्खोनस्खिप, डच खलाशांच्या बोलीतला शब्द, अर्थ साधारण 'जहाज धुऊन साफ करणं'. हे पहिल्यांदा कळलं तेव्हा मला पावसाळ्याआधी होड्या उपड्या घालून तळ खरवडणारे आमचे लोक आठवले होते. मी वापरायचो तो फॉर्म नावाचा त्याच्या नंतरच्या पिढीतला प्रोग्रॅम. रात्री चालू करून झोपायचं, सकाळी हजारो पदांची फाइल तयार. त्यांतली काही पदं अनंताकडे जाणारी असतात, आणि हिशोब बरोबर असेल तर सगळी मिळून ती एकमेकांना खाऊन टाकतात, मागे शहाण्यासारखी एक मर्यादित संख्या उरते. माझी पदं पाच आठवडे एकमेकांना खाईनात. एका ठिकाणी वजाचं चिन्ह अधिक झालं होतं. ते सापडलं त्या पहाटे मी मेसबाहेरच्या कट्ट्यावर एकटाच बसून चार चहा प्यालो. सांगायला कोणी जागं नव्हतं, आणि असतं तरी काय सांगणार? "वजा सापडला"?

त्या कामात एक चमत्कारिक गोष्ट असायची, जी मला आजही पुरती पचलेली नाही. प्रयोग करणाऱ्याला आपली चूक मोजता येते. तो पुन्हा मोजतो, हजारदा मोजतो, आकडे किती विखुरतात ते बघतो. हिशोब करणाऱ्याची खरी चूक मात्र त्याने न केलेल्या हिशोबात असते. तिसरी पायरी मी चढलोच नाही, तर ती किती उंच आहे हे मी कसं सांगायचं? पण सांगावं तर लागतं, त्याशिवाय उत्तराला काडीची किंमत नाही. रिवाज असा, की हिशोबात जी एक मोजपट्टी आपणच ठरवून घातलेली असते ती दुप्पट करायची, मग निम्मी करायची, आणि उत्तर किती हलतं ते बघून तेवढं अधिक-उणे लिहायचं. बऱ्याचदा हे चालतं. हिग्ज कण किती तयार होतील याच्या हिशोबात मात्र पहिली दुरुस्तीच मूळ उत्तराच्या जवळपास एवढी निघाली, अधिक-उणेच्या कुंपणाबाहेर. मार्गदर्शक म्हणायचे, उत्तर चुकलं तर चालेल, उत्तराशेजारचा आकडा चुकवू नकोस. तेव्हा मला ते निव्वळ सावधपण वाटायचं, बँकेतल्या माणसासारखं.

पीएचडी झाली, एक वर्ष बाहेर काढलं, मग बाबा गेले आणि मी परत आलो. लोकांना वाटतं बागेसाठी आलो. अर्धं खरं आहे. उरलेलं अर्धं असं, की आयुष्यभर चौथ्या दशांश स्थळासाठी झुरायचं बळ आपल्यात नाही हे मला त्या एका वर्षात कळलं होतं, आणि बाबांच्या जाण्याने कारण हाताशी आलं.

होडीचं प्रकरण झालं त्याच आठवड्यात विजयदुर्गाला गेलो होतो. किल्ल्याच्या बुरुजावर रेंज आली आणि फोन थरथरला. युरोपातून एका मुलीचं पत्र. पोस्टडॉक करते, पुढच्या मोठ्या कोलायडरसाठी, म्हणजे कण आदळवायच्या यंत्रासाठी, लागणाऱ्या हिशोबांवर काम करणाऱ्या गटात आहे. माझ्या प्रबंधाच्या दुसऱ्या परिशिष्टातलं अमुक समीकरण तिने स्वतंत्रपणे पडताळलं, तर शेवटच्या पदाचं चिन्ह तिला उलटं येतंय. "आपल्याकडे मूळ वह्या असतील का?" सोळा वर्षांत तो प्रबंध कोणी उघडला असेल असं मला वाटलं नव्हतं. ऊन रणरणत होतं, खाली लाटा तटाला थापा मारत होत्या, आणि मला घाम फुटला तो उन्हाचा नव्हता.

मी बसलो होतो त्याच्या जवळच साहेबाचे ओटे आहेत. १८ ऑगस्ट १८६८ च्या खग्रास ग्रहणाच्या वेळी लॉकियर नावाच्या इंग्रज खगोलशास्त्रज्ञ साहेबाने इथून हेलियम शोधला असं गावात सांगतात, दर वर्षी त्या दिवशी कार्यक्रमही होतो. लॉकियर त्या वेळी इंग्लंडात होता, हे मी एकदा चारचौघांत बोललो आणि पुढच्या वर्षी मला बोलावणं आलं नाही. असो. ग्रहण खरं, आणि त्या वेळी प्रकाशाच्या वर्णपटात दिसलेली पिवळी रेघही खरी. सोडियमच्या दोन पिवळ्या रेघा ५८९.० आणि ५८९.६ नॅनोमीटरला असतात. ही नवी ५८७.६ ला. फरक दीड नॅनोमीटरसुद्धा नाही. पुष्कळांनी ती सोडियमचीच धरली, आणि एवढ्याशा फरकात एक अख्खं मूलद्रव्य लपलेलं होतं. पृथ्वीवर ते हाती यायला १८९५ उजाडलं. पण एवढासा फरक खरा मानायचा, तर सोडियमची रेघ नक्की कुठे आहे हे आधी कोणीतरी चिकाटीने ठरवून ठेवलेलं लागतं. त्याच्या नावाचा ओटा कुठे नसतो.

आता जीनिव्हाजवळ सर्न ही युरोपची कणभौतिकीची संस्था जे यंत्र बांधायचं म्हणते आहे, त्याचं गणित असंच आहे. ९१ किलोमीटरचा बोगदा, इलेक्ट्रॉन आणि त्याचा उलट विद्युतभाराचा जुळा पॉझिट्रॉन समोरासमोर, सुरू झालंच तर २०४० नंतरच्या दशकाच्या उत्तरार्धात. याआधीच्या लेप यंत्रात १९८९ पासून काही वर्षांत चार प्रयोगांनी मिळून पावणेदोन कोटींच्या आसपास झेड नावाचे जड कण पाहिले. नव्यात सहा लाख कोटींच्या घरात बघायचे आहेत. आकडा घोटाळ्याच्या बातमीतला वाटतो, पण आहे खरा. एवढे कण मोजले की मोजणीची चूक काही शेकडो पटींनी लहान होते. मग यंत्र एक आकडा सांगणार, अगदी बारीक, आणि त्याच्या शेजारी हिशोबाचा आकडा ठेवायचा. तो तेवढाच बारीक नसेल, तर फरक दिसला तरी म्हणायचं काय? नवा कण, की आमची न चढलेली पायरी? आज येतात त्यापेक्षा एक-दोन पायऱ्या पुढचे हिशोब लागणार आहेत, आणि ते करणारी मुलं आतापासून तयार व्हायला हवीत. कोनशिला बोगद्याची बसते, हिशोबाची नाही.

लेपची एक गोष्ट मी आबांना पूर्वी सांगितली होती, तेवढी मात्र त्यांना मनापासून पटली. त्या २७ किलोमीटरच्या बोगद्यात कणांची ऊर्जा दिवसभरात हळूच वर-खाली व्हायची. १९९२ मध्ये नीट मोजून पाहिलं तर कारण निघालं चंद्र. जमिनीलाही भरती येते. तिने बोगद्याचा घेर मिलिमीटरभर बदलायचा आणि तेवढ्याने ऊर्जा हलायची. मग जीनिव्हाच्या तळ्याच्या पाण्याचा भार लक्षात आला. पुढे १९९५ मध्ये पॅरिसकडे जाणाऱ्या वेगवान गाडीच्या रुळांतून जमिनीत झिरपणारी वीज सापडली. हे सगळं हिशोबात धरलं तेव्हा झेडच्या वस्तुमानातली चूक ९१ हजार मेगाइलेक्ट्रॉनव्होल्टमागे (कणांचं वस्तुमान या एककात मोजतात) दोनवर आली. नव्या यंत्रात ती शून्य पूर्णांक एकवर आणायची आहे. आबांनी एकच विचारलं, "जमिनीक भरती किती वाजता येता?"

भाभांचं नाव या सगळ्यात येतं हे मात्र मी आबांना सांगितलं नव्हतं. इलेक्ट्रॉन-पॉझिट्रॉन एकमेकांवर आदळून किती आणि कुठे विखुरतात, याचा हिशोब होमी भाभांनी केंब्रिजला असताना केला, १९३६ मध्ये तो छापून आला. अशा यंत्रात किती टकरी झाल्या हे मोजायला तोच गज वापरतात: भाभांच्या पद्धतीने विखुरलेले कण मोजायचे, हिशोबाने भागायचं. गजच तसूभर चुकला तर सगळं कापड चुकणार. लेपने न्यूट्रिनो नावाच्या हलक्या कणांचे प्रकार मोजले; यायला हवे होते तीन, ते आले २.९८४०, अधिक-उणे ०.००८२. तीनला थोडे कमी; चुकीच्या दुप्पट कमी. वीस वर्षं ती कसर तशीच राहिली, यंत्र कधीच बंद होऊन मोडीत निघालं. मग कोणीतरी पुन्हा बसून हिशोब तपासला. समोरासमोरून येणारे झोत एकमेकांना किंचित ओढतात हे धरलं नव्हतं, आणि भाभांच्या गजाचाही हिशोब तोवर अधिक बारीक झाला होता. २०२० मध्ये जानो आणि याडाख यांनी नवा आकडा दिला: २.९९६३, अधिक-उणे ०.००७४. एकही नवी टक्कर न करता कसर भरून निघाली. बातमी कुठे आली नाही. तीनचे तीनच निघाले, तर बातमी कशाची?

घरी येऊन माळ्यावरची ट्रंक काढली. आई खालून ओरडत होती, "विंचू बघ रे." वह्या होत्या. कोकणातल्या सोळा पावसाळ्यांनी त्यांचं जे करायचं ते केलं होतं. पानं चिकटलेली, कडांना हिरवट बुरशी, वास ओल्या कांबळ्याचा. पाचवी वही उघडली आणि चंदेरी किडा सुळकन शिवणीत गेला. कसर. मला हवं होतं ते पान तिनेच खाल्लेलं. समीकरण डावीकडून नीट चालत येत होतं, आणि शेवटच्या पदाआधी, बरोबर जिथे चिन्ह असायला हवं तिथे, शेंगदाण्याएवढं भोक. भोकातून पुढच्या पानावरचं 'चहा उधारी १४ रु.' दिसत होतं. मी खूप वेळ हसलो. आईला वाटलं विंचू चावला.

मग पुन्हा करायला घेतलं. फॉर्म नाही, संगणकही जुनाट. एका पदापुरतं हाताने होईल असा अंदाज होता. रोज जेवणानंतर पडवीत, पेन्सिल आणि कॅलेंडरची पाठकोरी पानं. बाहेर रातांब्यांच्या साली उन्हात घालून झालेल्या, रात्री त्या टोपलीत भरलेल्या, आणि त्यांचा आंबट वास हाताला, म्हणून कागदालाही. पहिल्या चार रात्री काहीच आठवेना. पाचव्या रात्री हात चालायला लागला, सायकलचा चालतो तसा. मधूनच वाटायचं, काय अडलंय? ती मुलगी हुशार आहे, तिला माहीत आहे तिचं बरोबर आहे. मधूनच वाटायचं, माझंच बरोबर निघावं. आणि एकदा, खरं सांगतो, असंही वाटलं की चूक माझी निघाली तर बरं, म्हणजे सोडून आलो ते योग्यच केलं असं म्हणता येईल.

अकराव्या रात्री उत्तर आलं. तिचं चिन्ह बरोबर होतं.

आधी पोटात कसंतरी झालं. मग त्या पदाची किंमत काढली. तेव्हाच्या उत्तरात ते चौथ्या दशांश स्थळालाही जेमतेम हात लावत होतं, आणि मी शेजारी लिहिलेलं अधिक-उणे त्याच्या सहापट होतं. म्हणजे चूक कुंपणाच्या आतच होती. मार्गदर्शकांनी दोनदा वाढवायला लावलेलं ते कुंपण. मी कुरकुरत वाढवलं होतं. नव्या यंत्राला तेवढं पुरणार नाही, म्हणून तर ती मुलगी माझ्या परिशिष्टापर्यंत येऊन पोचली.

पत्र लिहिलं, पानांचे फोटो काढले, आणि पाठवायला जेटीच्या टोकाला गेलो. गावात रेंज येते ती तिथेच, तीही पाण्याकडे तोंड करून उभं राहिलं तर. वद्य दशमी होती. आबा पायरीवर जाळं शिवत बसले होते. फोटो जायला वेळ लागत होता, गोल चक्र फिरत होतं.

"काय, भरती बघतस?"

"दशमी. साडेसात," मी म्हणालो. "हय पावणेसात. पंधरा मिनटां हय-थय."

आबांनी सुई दातात धरली, पश्चिमेकडे बघितलं. विजयदुर्गाच्या बाजूला ढग काळे झाले होते, माडांच्या झावळ्या एका अंगाला कलायला लागल्या होत्या.

"अर्धो तास धर," ते म्हणाले, आणि पुन्हा जाळ्यात मान घातली.